न बघता दिलेला पास

४ मार्च

प्रिय दादा,

फोनवर तू "बरं आहे ना सगळं?" असं विचारतोस, मी "हो" म्हणते आणि दोघांचाही वेळ फुकट जातो. म्हणून हे पत्र. शिवाय आपला फोन बाबांच्या खाटेच्या डोक्याशी आहे, आणि एरवी हाका मारून घसा बसला तरी न ऐकणारे बाबा फोन आला की मात्र सगळं ऐकतात.

बातमी चांगली नाही. कंपनीच्या नव्या मालकांची माणसं आठवडाभर आमच्या कारखान्यात फिरत होती. मी वर क्रेनच्या केबिनमध्ये असते, त्यामुळे मला त्यांची फक्त पांढरी हेल्मेटं दिसली. पण हेल्मेटं कुठे थांबतात त्यावरून बरंच कळतं. मशीन शॉपमधून ती भराभर पुढे गेली. भट्टीपाशी थांबली, वाळूच्या ढिगापाशी थांबली, आणि सगळ्यांत जास्त वेळ पॅटर्नच्या खोलीत. मोठ्या पंपाचा पॅटर्न, बाबांनी लाकडात कोरलेला, तो त्या माणसांनी कपाटातून खाली काढून त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो घेतले. ज्याच्यावरून वाळूत साचा उठवायचा त्या लाकडाचे फोटो कशाला हवेत यांना? भट्टीवरचा हत्ती म्हणाला की घर सोडून जाणारा माणूस सामानाकडे बघतो तसे बघत होते. हत्तीला तू ओळखतोस, तो वर्षातून चार वाक्यं बोलतो. त्यातलं एक यावर खर्च केलं म्हणजे बघ.

कोणी म्हणतं ओतकाम बंद करून माल बाहेरून आणणार, कोणी म्हणतं तुमच्या मोठ्या कारखान्यात हलवणार. मॅनेजरसाहेब ताकास तूर लागू देत नाहीत. तू त्याच कंपनीत आहेस, तिथली हवा काय आहे ते कळव. ओतकाम गेलं तर या गावात उरणार काय? एक शाळा, एक बेकरी, आणि एकमेकांचे केस कापत बसलेले आम्ही. मला तर क्रेनशिवाय काही येत नाही. सगळ्यांत बुटकी बाई सगळ्यांत उंच बसते, हा विनोद ऐकून घ्यायलाही कारखाना लागतो.

रविवारचा सराव चालू आहे. बाबा आता मैदानावर येत नाहीत, मीच मुलींना शिकवते, त्यांच्याच पद्धतीनं: डोळ्यांवर फडकं बांधायचं आणि मागच्या आवाजावर पास द्यायचा. एका नव्या मुलीनं विचारलं, बघून का नाही द्यायचा? मी बाबांचंच उत्तर दिलं. समोरून माणसं अंगावर येत असतात आणि रग्बीत चेंडू हातानं पुढे देता येत नाही, मागेच द्यावा लागतो. वळून बघेपर्यंत आपण आडवे. म्हणून जो मागे आहे त्यानं "आहे, आहे" असं म्हणत राहायचं, आणि आपण आवाजाकडे टाकून मोकळं व्हायचं. नसताना "आहे" म्हणणाऱ्याला बाबा अख्खा हंगाम बाहेर बसवायचे, तेही सांगितलं. आणि सगळ्या संघात तू एकटा, ज्याला एकदाही बसावं लागलं नाही, हे पण सांगितलं. फुगून जाऊ नकोस.

वहिनीला आणि छोटीला आठवण सांग.

तुझी,
बुटकी


१७ मार्च

प्रिय बुटके,

पत्र मिळालं. जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि हत्तीच्या वाक्यावर एकटाच हसलो, तर शेजारच्या बाकावरचे बघायला लागले. इथे कोणी कोणाशी फार बोलत नाही. कारखाना इतका मोठा आहे की मी ज्यांच्याबरोबर गेटमधून आत जातो ते दिवसभरात पुन्हा दिसत नाहीत.

तू घाबरू नकोस. इथे तुमच्या पंपाची बॉडी ओतता येईल एवढी भट्टीच नाही. आमच्या भट्टीतून फार तर त्याचं झाकण निघेल. मालक बदलला की हेल्मेटं फिरतातच, इथेही फिरली.

पण नुसतं बसून राहू नका. मी रात्री पडल्यापडल्या विचार करत होतो. गावातली गटाराची झाकणं कुठून येतात ते बघितलंस का? मी मागे आलो होतो तेव्हा एकावर कुठल्यातरी लांबच्या गावाचं नाव वाचलं. लोखंड वितळवणारं गाव, आणि त्याच्याच रस्त्यात परक्याचं लोखंड. नगरपालिकेत जा आणि जे गावात बनतं ते गावातूनच घ्यायचं असा ठराव करून घ्या. पाणीपुरवठ्याचे पंप दुरुस्तीला बाहेर जातात, तेही तुमच्याकडे यायला हवेत. सुट्टीच्या दिवशी भट्टी थंड असते, तेव्हा बाहेरचं लहानसहान काम घेऊ द्या म्हणून मॅनेजरच्या मागे लागा. आणि पोरापोरींना हाताखाली घ्या. तुमच्याकडे सगळ्यांचे केस पांढरे झालेत, मालक उद्या म्हणेल की शिकलेली माणसंच उरली नाहीत म्हणून बंद करतो. सगळ्यांत महत्त्वाचं, युनियननं पॅटर्न विकत मागावेत. पॅटर्न ज्याच्या कपाटात, काम त्याचं. बाकी भिंती आणि पत्रे.

हे सगळं स्क्रमसारखं आहे. आठ जणांनी खांद्याला खांदा लावून एकाच क्षणी रेटलं तर समोरचा कितीही जाडजूड असो, मागे सरकतो. एक जण जरी मान वर काढून बघत बसला की सगळे तोंडावर पडतात. तू हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं सांगशील. तू स्क्रमच्या मागे उभी राहून एवढ्याएवढ्याशा आवाजात हत्तीसारख्यांना शिव्या घालायचीस आणि ते ऐकायचे.

बाबांना सांग, माझा गुडघा बरा आहे.

आहे,
दादा


२२ एप्रिल

प्रिय दादा,

तुझ्या पत्रानं आम्हाला कामाला लावलं. नगराध्यक्षबाईंकडे चार जण गेलो. त्यांच्या खोलीत खुर्च्या तीन, म्हणून हत्ती उभा राहिला आणि त्याच्यामुळे खोलीत अंधार झाला. मी झाकणांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, स्वस्त मिळतं म्हणून बाहेरून घेतो. हत्ती म्हणाला, "बाई, ते झाकण माझ्या घरासमोरच दुभंगलंय. त्यात माझी सायकल गेली." बाईंनी खिडकीतून खाली बघितलं, मग आमच्याकडे बघितलं, आणि विषय सभेपुढे ठेवते म्हणाल्या. झाकणांचं काम होईल असं वाटतं.

बेकरीवाला, शिंपी, औषधाचा दुकानदार, सगळे आमच्या बाजूनं आहेत. कारखान्याच्या पगारावर त्यांचीही चूल चालते. हाताखाली शिकायला पाच मुलं आणि दोन मुली आल्यात. पॅटर्नबद्दल मात्र युनियननं विचारलं तर मॅनेजरसाहेब हसले, म्हणाले तुमच्या आजोबांचं कपाट आहे का ते. मी म्हणाले, माझ्या वडिलांचं आहे. त्यांनी हसणं थांबवलं, पण पॅटर्न दिले नाहीत.

आता खरं काय ते. कंपनीनं एक बोलणं आणलंय. ओतकाम बंद, पण मशीन शॉप राहील, आणि त्यात आमच्यातले निम्मे लोक घेतील. कंपनीचा दवाखानाही चालू राहील. निम्म्यांनी घरी जायचं. ओतकाम ते काही झालं तरी दुसरीकडे नेणार म्हणतात, आणि आम्ही नाही म्हणालो तर बाकीचंही बंद करतील. युनियनचे म्हातारे म्हणतात घेऊन टाका, अर्धी भाकरी तरी हातात राहील. तरुण म्हणतात ही नुसती धमकी आहे, एवढ्या मोठ्या बॉड्या ते दुसरीकडे ओततील कुठे? सगळा प्रश्न तिथे येऊन अडतो. नेता येत असेल तर अर्धं घेण्यात शहाणपण. नेताच येत नसेल तर आम्ही का म्हणून निम्म्या लोकांना उंबऱ्याबाहेर काढायचं?

मला सगळे विचारतात, कारण तू तिथे आहेस. मी म्हणते दादानं लिहिलंय, तिथे भट्टीच नाही. तरी पुन्हा एकदा खात्री करून लिही. पुढच्या महिन्यात मतदान आहे. हत्तीच्या बायकोचं दुखणं तुला माहीत आहे, दवाखान्यावाचून तिचं चालत नाही. त्यानं मला विचारलं नाही, पण मी खाली उतरले की तो शिडीपाशी उभा असतो.

तुझी,
बुटकी


३० एप्रिल

प्रिय बुटके,

घाईत लिहितोय. कामाचा रेटा फार आहे, दुसरी पाळीही करावी लागते.

भट्टीचं विचारलंस. आज इथे तेवढी मोठी भट्टी नाही. मी डोळ्यांनी रोज बघतो. नव्या साहेबांच्या मनात काय आहे ते माझ्यासारख्या माणसाला कोण सांगणार? पण एकजूट मोडू नका एवढं मी सांगेन. एकदा निम्मे आणि निम्मे झालात की पुढच्या वर्षी त्या निम्म्यांचेही निम्मे करतील.

छोटी इथल्या शाळेत रग्बी खेळायला लागलीये. पडायला घाबरत नाही, तुझ्यावर गेलीये. तुझी वहिनी नव्या पडद्यांचं कापड बघत फिरते, मला विचारते निळं की पिवळं. मी म्हणतो तुला आवडेल ते घे.

बाबांना जपा.

आहे,
दादा


१६ मे

प्रिय दादा,

नाही म्हणालो!

कँटीनमध्ये उभं राहायला जागा नव्हती. युनियनचे म्हातारे अर्ध्याच्या बाजूनं बोलले, चांगलं बोलले, खोटं कशाला सांगू. मग मला बाकावर उभं केलं, नाहीतर मी कोणाला दिसले नसते. मी फार काही बोलले नाही. एवढंच म्हणाले की पंपाची बॉडी ओतायची तर त्यांना आमच्याशिवाय गत नाही, तिथे तेवढी भट्टी नाही, माझा भाऊ तिथे रोज काम करतो आणि त्यानं तसं लिहिलंय. तो कसा माणूस आहे ते तुम्हाला माहीत आहे. बस, एवढंच. तुझं नाव निघालं तेव्हा मागून आपल्या जुन्या संघातल्या कोणीतरी "आहे!" अशी आरोळी दिली आणि सगळी कँटीन हसली. त्या हसण्यातच मतदान झालं म्हण ना.

हत्तीचं मात्र मनाला लागून राहिलंय. हात वर करायच्या आधी त्यानं मला खिडकीपाशी नेलं आणि विचारलं, "बुटके, तुला खात्री आहे?" मी म्हणाले, दादा आहे मागे.  त्याला अर्धं हवं होतं हे मला कळत होतं. दवाखाना राहिला असता, आणि त्याचं काम चोख, त्या निम्म्यांत तो नक्की आला असता. तरी त्यानं हात वर केला. तुझ्या-माझ्या शब्दावर.

नगरपालिकेचा झाकणांचा ठराव झाला. नगराध्यक्षबाई स्वतः भट्टी बघायला आल्या, चेहरा भाजेल म्हणून लांबच उभ्या राहिल्या. शिकाऊ मुलींपैकी एकीच्या हातात वाळू चांगली बसते. बाबांना हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले, मग पंपाचं बरं चाललंय ना? त्यांना पंपाचीच काळजी.

वहिनीला सांग, निळे पडदे घे. पिवळे लवकर मळतात.

तुझी,
बुटकी


९ सप्टेंबर

दादा,

एप्रिलनंतर तुझं पत्र नाही. फोनही वहिनी उचलते आणि तू झोपला आहेस म्हणते.

कारखाना बंद झाला. जुलैत नोटीस लागली. ओतकाम, मशीन शॉप, दवाखाना, सगळं. आम्ही गेटवर बसलो, नगराध्यक्षबाईही येऊन बसल्या, गावातली दुकानं एक दिवस बंद राहिली. काही उपयोग झाला नाही. त्यांनी एकदाच विचारलं होतं, आणि आम्ही नाही म्हणालो होतो.

काल मला कामावर बोलावलं होतं, शेवटचं. पॅटर्न ट्रकमध्ये चढवायचे होते आणि क्रेन चालवणारं दुसरं कोणी नव्हतं. मी गेले. न जाऊन काय करणार होते, त्यांनी हातानं उचलून आपटले असते. एकेक करून चढवले. बाबांचा मोठा पंप सगळ्यांत शेवटी, दोन पट्टे लावून, हळू. खाली हत्ती इशारे करत होता. तोही त्याच कामासाठी बोलावलेला.

नंतर खाली उतरले आणि ट्रकवाल्याला पाणी दिलं. सहज विचारलं, कुठे नेणार. त्यानं तुझ्या कारखान्याचं नाव सांगितलं. मी म्हणाले, तिथे तर एवढी भट्टी नाही. तो म्हणाला, "नाही कशी? तिच्या विटा मीच एप्रिलमध्ये नेऊन टाकल्या. पाया तर त्याच्याही आधी खणलेला होता." तो चांगला माणूस आहे, उगाच कशाला खोटं बोलेल. नवा फोरमन सामान उतरवून घेणार आहे, तो या गावचाच आहे, असंही त्यानं आनंदानं सांगितलं. त्याला वाटलं मला बरं वाटेल.

हत्ती शेजारी उभा होता. त्यानं सगळं ऐकलं.

घरी येऊन मी तुझं एप्रिलचं पत्र काढलं. "आज इथे तेवढी मोठी भट्टी नाही." तो "आज" मी तेव्हा वाचला होता, पण त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. तुझं पत्र मी लक्ष देऊन वाचतच नाही, नुसतं ऐकते.

तुला ठाऊक होतं का, एवढंच सांग.

बुटकी


२४ सप्टेंबर

बुटके,

ठाऊक होतं.

पहिलं पत्र लिहिलं तेव्हा नव्हतं. तेव्हा मागच्या अंगणात पत्र्याचं कुंपण घालून खणत होते आणि सगळ्यांना गोडाऊन म्हणून सांगितलं होतं. ते मी मानलं. एप्रिलमध्ये विटा आल्या. भट्टीच्या विटा गोडाऊनला लागत नाहीत, हे कळायला मला कोणी सांगावं लागलं नाही. त्याच आठवड्यात साहेबांनी खोलीत बोलावलं आणि म्हणाले, मोठ्या ओतकामाची माहिती असलेला फोरमन हवा आहे, तू त्या गावचा ना? घर मिळेल, दोन खोल्यांचं. आणि बाहेर बोलायचं नाही.

मी घरी येऊन तुझ्या वहिनीला घराचं सांगितलं. ती रडायलाच लागली, तुला माहीत आहे आम्ही एका खोलीत किती वर्षं काढली. मग तुझं पत्र आलं. मी तुला खरं लिहायला बसलो होतो. वाटलं, कंपनीनं तर मला तोंडानं काही सांगितलेलं नाही, की तुमचं काम इथे येणार म्हणून. वाटलं, तुम्ही एकजुटीनं उभे राहिलात तर ते घाबरतील, नवी भट्टी दुसऱ्या कशाला तरी वापरतील, आणि मला काहीच सांगावं लागणार नाही. खोटं लिहायचं नव्हतं म्हणून "आज" लिहिलं. मूग गिळून बसलो असतो तरी बरं झालं असतं. त्यापेक्षा वाईट केलं. शेवटी सवयीनं "आहे" लिहिलं आणि पाकीट बंद केलं.

ट्रक आला तेव्हा पॅटर्न मी स्वतः उतरवून घेतला, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. त्याच्या तळाशी बाबांच्या पटाशीचे ओरखडे आहेत, त्यांवर बोट फिरवलं. माझ्या हाताखालची पोरं बघत होती.

मी राजीनामा देतो. पहिल्या तारखेला देतो आणि गावी येतो. हत्तीचे पाय धरीन, तुझे धरीन. तू म्हणशील ते करीन. तुझी वहिनी म्हणते जा. तिला आता ते घर नको आहे, पडद्यांचं कापड तिनं ट्रंकेत ठेवून दिलंय.

काहीतरी लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालेल.

दादा


१३ नोव्हेंबर

दादा,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही सुचत नव्हतं. आता लिहिते ते बाबांनी सांगितलं म्हणून.

आधी इथलं. हत्ती गाव सोडून गेला. दवाखाना बंद झाल्यावर बायकोला घेऊन शहरात गेला, तिथल्या मोठ्या हॉस्पिटलजवळ एका दुकानात पहारेकरी म्हणून लागलाय. जायच्या सकाळी दारात आला. आत ये म्हणाले तर आला नाही. मी माफी मागायला लागले तर त्यानं हातानं थांबवलं आणि म्हणाला, "कोणी विचारलं तर मी पुन्हा हात वर करीन. पण तू विचारू नकोस." मग बॅग उचलून गेला. जाताना त्याची पाठ बघितली. इतकी वर्षं त्या पाठीमागे उभी राहून मी स्क्रममधून चेंडू काढला, पण ती एवढी वाकलेली कधी बघितली नव्हती.

मला कोणी तोंडावर काही बोललं नाही. बेकरीवाला अजूनही उधारीवर पाव देतो. पण रविवारी सरावाला गेले, चेंडू घेतला, नेहमीसारखे न बघता हात मागे वळवून सैल केले, आणि आवाजच आला नाही. सगळ्या मुली होत्या, मला त्यांचे पाय ऐकू येत होते. कोणी "आहे" म्हणालं नाही. त्यांनी ठरवून केलं असेल असं वाटत नाही. मला वाटतं त्यांना तो शब्द तोंडातून काढवतच नाही आता. मी चेंडू खाली ठेवला आणि घरी आले. त्यानंतर गेले नाही.

तुझ्या कल्पना खोट्या नव्हत्या, हे तुला कळावं म्हणून सांगते. आम्ही सात जणांनी जुन्या बसगॅरेजमध्ये लहान भट्टी लावली आहे. नगरपालिकेची झाकणं करतो, पाण्याचे पंप दुरुस्त करतो. दोन शिकाऊ मुली आमच्यात आहेत. सात जणांची पोटं कशीबशी भरतात. मशीन शॉप राहिलं असतं तर त्याच्या जोडीला हे काम धरून आम्ही सगळे निभावलो असतो. तू सांगितलेलं सगळं बरोबर होतं, फक्त एवढं एक सोडून. तुझ्यावर नुसतं रागावता आलं असतं तर मला सोपं गेलं असतं. पण झाकण ओतताना रोज तुझी आठवण येते आणि बरं वाटायच्या आत रडू येतं.

आता बाबा. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. कारखाना बंद झाल्याचंही नाही, मी रोज सकाळी डबा घेऊन गॅरेजमध्ये जात होते. पण परवा शिंपी भेटायला आला आणि बोलून गेला. तो गेल्यावर बाबांनी मला जवळ बोलावलं. मग मला म्हणाले, माझा पंप कुठे आहे? भंगारात घातला का? दादा, त्यांचा चेहरा असा झाला होता की मला खोटं बोलता येईना आणि खरंही. मी म्हणाले, दादाकडे आहे.

त्यांना आधी कळलंच नाही. मी सांगितलं की तुझ्या कारखान्यात नवी भट्टी झालीये, तू तिथला फोरमन आहेस आणि पॅटर्न तू स्वतः उतरवून घेतलास. ते हळूच हसले. मी त्यांना किती महिन्यांत तसं हसलेलं बघितलं नव्हतं. म्हणाले, "अगं मग गेला कुठे? घरातच राहिला की." काल दिवसभर जो येईल त्याला हेच सांगत होते. बेकरीवाल्याला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं. ती माणसं माझ्याकडे बघत होती आणि मी मान हलवत होते.

रात्री त्यांनी मला बसवून हे लिहायला लावलं. पंपाच्या गळ्यापाशी वाळू फार ठोकायची नाही, हातानं दाबायची. तिथे वाफेला वाट राहिली नाही तर बॉडी वरून चांगली दिसते आणि आत पोकळ निघते. पॅटर्न हिवाळ्यात तडकतो, भिंतीपासून लांब ठेवायचा, तेलाचा हात द्यायचा. आणि पोरांवर ओरडायचं नाही. हे सगळं त्यांच्या शब्दांत आहे. मी माझं काही घातलेलं नाही.

तू राजीनामा दिला असशील तर परत घे. दिला नसशील तर देऊ नकोस. पंप चांगला ओत. गावात तू मला नको आहेस. आलास तर बाबांना कळेल, आणि ते एवढे आनंदात आहेत. वहिनीला तिचं घर राहू दे, तिचा काय दोष?

मला पत्र लिहू नकोस. लिहायचं असेल तर बाबांच्या नावानं लिही, महिन्यातून एकदा, पंपाबद्दल. त्यांना आता अक्षर दिसत नाही. मी मोठ्यानं वाचून दाखवीन.

बुटकी